‘इमर्जन्सी किट घेऊ का?’ : सोलापुरातलं एक घर, सीनाकाठचं दुसरं

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागात भाड्यानं राहता. खाली घरमालकाचे यंत्रमाग, वर तुम्ही, पत्नी आणि दोन मुलं. आईवडील मोहोळ तालुक्यात सीनाकाठच्या गावी असतात आणि गेल्या पुरात ते शेवटपर्यंत घर सोडायला तयार नव्हते. ऑनलाइन चार-साडेचार हजारांची ‘इमर्जन्सी किट’ दिसते, ती घ्यावी का, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा, की गल्लीत हा विषय काढला की लोक म्हणतात, ‘आपल्या सोलापुरात काय होतंय ओ? ना समुद्र, ना डोंगर.’ मग सुरुवात कुठून करायची?

किट आत्ता घेऊ नका. त्यातल्या वस्तू वाईट नसतात, पण तुमची अडचण वस्तूंची नाही. तुमच्या दोन घरांना दोन वेगळे धोके आहेत आणि दोन्हीकडे, वेळ आली तर कोणी काय करायचं हे ठरलेलं नाही. मी अग्निशमन सेवेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मंडळं, सोसायट्या, गावं यांना प्रशिक्षण देतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पहिल्या अर्ध्या तासात जी माणसं वाचतात ती बहुतेक घरच्यांनी नाहीतर शेजाऱ्यांनी बाहेर काढलेली असतात. गाडी, बोट, पथक येईपर्यंत महत्त्वाचे निर्णय होऊन गेलेले असतात. म्हणून मी तयारी म्हणतो ती शांत डोक्यानं आधी घेऊन ठेवलेल्या निर्णयांना. सामान त्या निर्णयांच्या मागून येतं.

गल्लीतल्या त्या ‘काय होतंय ओ’चं उत्तरही तुमच्याजवळ हवं. १९९३ पर्यंतच्या भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात दाखवलेला होता. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, तिथं आणि आसपासच्या गावांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा जण दगावले. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जणांचा जीव गेला, त्यात अगदी लहान बाळही होतं. माणसं कारखान्याच्या आवारातच राहत होती. त्यानंतर चार महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पाणी आल्यानं सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला, लष्कर आणि एनडीआरएफची पथकं आणावी लागली. समुद्र नाही आणि डोंगर नाही, तरी हे सगळं आपल्या आजूबाजूला घडलं.

आता तुमचं शहरातलं घर. इथं पहिला धोका आगीचा. तुम्ही मजला आणि जिन्याबद्दल फार लिहिलेलं नाही, त्यामुळे खालचं काही तुम्हाला लागू असेल, काही नसेल. पण खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी जी घरं मी पूर्व भागात पाहिली त्यांची रचना साधारण सारखीच असते. रस्त्याच्या बाजूला शटर, आत माग, मागच्या नाहीतर बाजूच्या भिंतीला लागून एकच जिना. कापसाची तूस मोटारीवर, वायरींवर, छताच्या कोपऱ्यांत साठते. तिला ठिणगी लागली की ज्वाळा मोठी दिसत नाही, पण आग तुसेवरून भिंतभर पळते आणि सुताच्या पोत्यांमध्ये शिरली की आतल्या आत धुमसत राहते. वरून विझल्यासारखी दिसणारी सुताची आग काही तासांनी पुन्हा पेटलेली मी पाहिली आहे. धूर वर जायला वाट शोधतो आणि अशा घरात ती वाट म्हणजे तुमचा जिना. जिना धुराड्याचं काम करतो. आगीत भाजण्याआधी माणूस धुरानं पडतो, झोपेत असेल तर जागही येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: रात्री दोन वाजता जिना धुरानं भरला, तर आम्ही चौघं कुठून उतरणार? याचं उत्तर ‘कुठूनच नाही’ असं असेल, तर बाकी सगळी तयारी बाजूला ठेवून आधी तेवढं सोडवा. गच्ची शेजारच्या गच्चीला लागून असेल तर तो तुमचा दुसरा रस्ता. मग गच्चीच्या दाराला रात्री कुलूप नको, आतून कडी पुरे. गच्चीचं जमत नसेल तर रस्त्याकडच्या खिडकीच्या ग्रिलला बिजागरीचा एक भाग करून घ्या, आतून उघडेल असा. फॅब्रिकेशनवाला एका दिवसात करून देतो. चोरांच्या भीतीनं त्याला कुलूप लावणार असाल तर किल्ली त्याच खिडकीशेजारी खिळ्याला, मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर, आणि ती तिथून दुसरीकडे कधी हलवायची नाही. खालचं शटर रात्री बाहेरून कुलूप लावून बंद होत असेल तर घरमालकाशी आजच बोला. वर माणसं झोपलेली असताना त्यांचा बाहेर पडायचा रस्ता बाहेरून बंद करणं कोणत्याही कारणानं चालवून घेऊ नका.

भाडेकरू म्हणून वायरिंग तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. पण घरमालकाला काही गोष्टी अशा सांगता येतात ज्यात त्याचाही फायदा आहे. माग बंद करताना मेन स्विच पाडायचा. तूस आठवड्यातून एकदा मोटारी, पॅनेल आणि वायरींवरून झाडून काढायची, तीही वीज बंद असताना. जिन्याखाली सुताची पोती, सूत गुंडाळलेले बीम, रिकामे खोके नकोत. इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर तिचं चार्जिंग जिन्याखाली नको, कारण बॅटरीनं पेट घेतला तर पहिल्या मिनिटातच तुमची वाट बंद होते. पॅनेलला आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की आपोआप वीज तोडणारा स्विच, बसवला तर शॉकपासूनही संरक्षण आणि गळतीच्या करंटमुळे लागणाऱ्या आगीचा धोकाही कमी. बहुतेक मालक ऐकतात. माग जळाले तर त्यांचंही पोट जातं.

धुराचा अलार्म स्वस्तात मिळतो, बॅटरीवर चालतो. तो मागाच्या शेडमध्ये लावू नका, तुसेमुळे उगाच वाजत राहील आणि मग कोणीतरी बॅटरी काढून टाकेल. जिन्याच्या वरच्या टोकाला, तुमच्या दाराबाहेर लावा आणि महिन्यातून एकदा पुसा. आग विझवायचं सिलिंडर घ्यायचं तर एबीसी पावडरचं, चार किंवा सहा किलोचं, आयएसआय खुणेचं. ठेवायचं दाराजवळ, स्वयंपाकघराच्या आत नाही. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, दाबायचं, डावी-उजवीकडे फिरवायचं. ते काही सेकंदांतच रिकामं होतं, त्यामुळे आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल आणि बाहेर पडायचा रस्ता तुमच्या पाठीशी मोकळा असेल तरच वापरा. त्याहून मोठी आग दिसली की सिलिंडर टाका आणि माणसं घेऊन बाहेर पडा.

जिना बंदच झाला तर खोलीचं दार लावून घ्या. सोलापूरच्या घरात टॉवेलची कमी नसते. ते ओले करून दाराच्या फटीत कोंबा. खिडकीशी जा, कापड हलवा, ओरडा. धुरातून जावंच लागलं तर रांगत जा, जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. १०१ ला किंवा ११२ ला फोन केलात तर घाबरून पत्ता सांगण्याआधी एक वाक्य बोला: ‘खाली माग आहेत, वर माणसं अडकली आहेत.’ या एका वाक्यावर काय पाठवायचं, किती पाठवायचं हे बदलतं. मग मोठी खूण सांगा, चौक, देऊळ, मशीद, शाळा. आणि चौकात एक माणूस उभा करा. रात्रीच्या वेळी पूर्व भागातल्या बोळांमध्ये गाडीची मिनिटं वाया जातात ती घर शोधण्यात.

स्वयंपाकाच्या गॅसबद्दल थोडक्यात. वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत बसतो, त्यामुळे वरचा झरोका उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं. कढईतलं तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही, झाकण ठेवायचं आणि शेगडी बंद करायची. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई यांतलं काही नको.

गावाकडचं घर पूर्ण वेगळं आहे, आणि तिथं माझा अनुभव असा की लोकांना पुराची भीती असते, पण नदीचा हिशेब चुकलेला असतो. आपल्या जिल्ह्यात प्रत्येकाला ‘उजनी किती टक्के’ हे पाठ असतं. पण उजनी धरण भीमेवर आहे. सीना अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावते, करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर करत हत्तरसंग कुडलजवळ भीमेला मिळते. तिच्यावर सीना-कोळेगाव धरण आहे, आणि धाराशिवकडच्या चांदणी, खासापुरी या प्रकल्पांचं पाणीही तिच्यातच येतं. म्हणजे पाऊस पडतो परांड्याकडे आणि पाणी चढतं मोहोळमध्ये. तुमच्या गावात ऊन पडलेलं असतानाही पूर येऊ शकतो. उजनीचे आकडे पाहून सीनाकाठच्या माणसानं निश्चिंत होण्यात अर्थ नाही. तुमच्या फोनमध्ये सीना-कोळेगावच्या विसर्गाची बातमी येईल अशी सोय करा, आणि वडिलांना ती वाचून दाखवायचं काम शहरात बसून तुम्हीच करा. आकडा क्युसेकमध्ये येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. पण नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. २०२५ मध्ये किती विसर्गाला पाणी गावात कुठवर आलं होतं, ही जोडी लिहून ठेवलीत तर पुढच्या वेळी त्याच आकड्याला अर्थ येतो.

त्यासाठी गावात करायचं सोपं काम म्हणजे २०२५ ची पाण्याची खूण रंगानं पक्की करणं. शाळेची भिंत, देवळाचा ओटा, ग्रामपंचायतीचा खांब, जिथं जिथं लोकांना आठवतंय तिथं तारीख घालून रेघ ओढा. जुन्या माणसांचं ‘पाणी मारुतीच्या पायरीपुढं कधी येत नाही’ हे वाक्य त्यांच्या काळापुरतं खरं होतं. रेघ असली की तरुणांना वाद घालावा लागत नाही.

आणि मग सर्वांत महत्त्वाचा निर्णय, निघायचं कधी. बहुतेक घरांत मी विचारतो तेव्हा उत्तर येतं, ‘पाणी दारात आलं की निघू.’ इथंच जीव अडकतो. दारात पाणी येण्याच्या किती तरी आधी गावाबाहेर जाणारा रस्ता बुडालेला असतो, कारण ओढ्यावरचा पूल घराच्या उंबऱ्यापेक्षा खाली असतो. नदी फुगली की ओढ्याचं पाणी मागं रेटलं जातं आणि तो पूल आधी जातो. म्हणून खूण घराची धरायची नाही, वाटेची धरायची. पुलाच्या कठड्याखाली एवढं पाणी दिसलं की म्हातारी माणसं, गरोदर बाया, लहान मुलं आणि आजारी निघणार, असं आधी ठरवा. रात्री विसर्ग वाढणार अशी सूचना असेल तर सूर्य मावळायच्या आत निघायचं, खूण येण्याची वाट पाहायची नाही. गुडघाभर वाहत्या पाण्यात धट्टाकट्टा माणूसही पाय टिकवू शकत नाही. दोन फूट पाण्यात मोटार तरंगायला लागते. पुलावरून पाणी जात असताना ‘रोजचा रस्ता आहे’ म्हणून दुचाकी घालणारी माणसं दर पावसाळ्यात जातात.

जनावरांचं नीट ऐका. सोबत नेता येत असतील तर उंचावर न्या. नेता येत नसतील तर दावी सोडा. गोठ्यात बांधलेलं जनावर जागच्या जागी बुडतं, सुटलेल्या जनावराला निदान उंचावर जायची संधी असते. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आणि जनावराचा फोटो फोनमध्ये ठेवा, पंचनाम्याच्या वेळी ओळख पटवायला उपयोग होतो. नदीवरची मोटार काढायची तर सूचना आल्या आल्या, दिवसाउजेडी, दोघांनी मिळून. पाणी चढायला लागल्यावर मोटारीसाठी कोणीही काठावर जायचं नाही. तुमचे वडील जाण्याची शक्यता सर्वांत जास्त याच कामासाठी आहे, म्हणून हे त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्या.

पाणी ओसरल्यावर धोका संपत नाही. भिजलेली मातीची भिंत उन्हानं वाळताना तडकते आणि काही दिवसांनी, सगळे निवांत झाल्यावर पडते. तिच्याकडे डोकं करून कोणी झोपू नये. अडगळीत साप असतात, हात घालण्याआधी काठी घाला. साप चावला तर कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यांतलं काही न करता चावलेला अवयव हलू न देता सरळ सरकारी रुग्णालयात न्या. घर साफ करायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, मगच खराटा हातात घ्या.

पूर शहराच्या घरालाही दुसऱ्या वाटेनं लागतो. हिप्परगा तलाव भरून वाहिला की आदिला नदीकाठच्या वस्त्यांना, आणि जोराच्या पावसात शेळगीसारख्या भागातल्या नाल्यांना. तुमचं घर अशा नाल्याच्या खालच्या अंगाला आहे का ते एकदा पाहून घ्या. साचलेल्या पाण्यात लोंबकळती वायर किंवा विजेचा खांब असेल तर पलीकडच्या बाजूनंही जाऊ नका.

उन्हाळ्याला कोणी आपत्ती म्हणत नाही, पण आपल्याकडे तो दर वर्षी न चुकता येतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ पर्यंत जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. मागावर काम करणारा, घरात पत्र्याखाली विड्या वळणारी बाई, अंथरुणावर असलेली आजी, हे तिघं सर्वांत आधी सापडतात. नुसता थकवा, घाम, पोटऱ्यांत गोळे आले तर सावली, पाणी, ओआरएस. ओआरएस घरात नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलंय आणि शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, ओली फडकी काखेत आणि मानेवर ठेवा. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजायचं नाही. पत्र्यावर किंवा गच्चीवर चुना मारून घेतला तर खालची खोली जाणवण्याइतकी कमी तापते. गल्लीनं मिळून करायला हे मार्चमधलं उत्तम काम आहे.

वीज कडाडायला लागली की झाडाखाली उभं राहायचं नाही, चिंच असो की लिंब. शेळ्या राखणाऱ्यांना हे विशेष सांगा. ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं. वीज लागलेल्या माणसाला हात लावल्यानं शॉक बसत नाही. श्वास बंद असेल तर लगेच छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा.

भूकंपाबद्दल एवढंच, की किल्लारीत माणसं मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदांनी, म्हणजे मातीच्या सपाट छपरांनी. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती चढवत जड केलेलं माळवद हे भिंतींवरचं ओझं असतं. कसब्यात, पेठांत अजून अशी घरं आहेत. तुमचं गावचं घर तसं असेल तर माती वाढवू नका, जमल्यास उतरवा. शहरातल्या तुमच्या आरसीसी घरात धक्का बसला तर भक्कम टेबलाखाली बसून त्याचा पाय धरून ठेवा, जिन्याकडे पळू नका.

आता सामान. तुम्ही सोलापूरकर आहात, म्हणजे अर्धी तयारी आधीच झालेली आहे. काही दिवसांआड नळाला पाणी येतं, म्हणून बॅरल, टाकी, कळशा प्रत्येक घरात भरलेल्या असतात. फक्त त्यातलं पिण्याचं पाणी वेगळं काढा. माणशी दिवसाला चार लिटर धरा, चौघांना पाच दिवसांचे ८० लिटर, झाकणाच्या भांड्यात. उजनी आणि टाकळीहून येणारं पाणी पंपांवर चालतं, मोठी वीज गेली की पाळी आणखी लांबते, म्हणून हा साठा पाळीच्या आदल्या दिवशीही संपलेला नसावा. साठवण आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडाभर पुरतो.

खाण्याच्या बाबतीत ऑनलाइन किटमधली बिस्किटं कशाला? आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. कडक भाकरी कोरड्या डब्यात महिना-महिना टिकते, शिजवावी लागत नाही, चुरून पाण्यात किंवा दुधात भिजवली की दात नसलेली आजीही खाते. गूळ, शेंगदाणे, फुटाणे ठेवा. झालं. औषधं पंधरा दिवसांची जास्तीची हवीत, कारण रस्ते बंद होतात. इन्सुलिन असेल तर दोन मडकी एकात एक ठेवून मधे ओली वाळू भरा, वीज गेल्यावर बाटली आतल्या मडक्यात ठेवता येते. कागदपत्रं डिजिलॉकरवर टाका आणि मूळ प्रती एका जाड प्लास्टिक पिशवीत. टॉर्च, पॉवर बँक, शिट्टी, थोडी सुटी रोकड, बॅटरीवर चालणारा रेडिओ, म्हणजे मोबाइलचं नेटवर्क पडलं तरी आकाशवाणी सोलापूर लागेल. हे सगळं शाळेच्या जुन्या दप्तरात मावतं. साडेचार हजार वाचले तर ते ग्रिल आणि अलार्मला घाला.

गल्लीचं काय? ‘आपत्ती व्यवस्थापन बैठक’ असा निरोप गेला की कोणी येत नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं. पण तुमच्या गल्लीत गणपतीचं किंवा नवरात्राचं मंडळ असेलच. मंडळाकडे काय काय असतं ते मोजा: जनरेटर, ध्वनिक्षेपक, दोर, ताडपत्री, आणि लेझीमसाठी जमणारी, हुकूम ऐकून एकत्र हलायची सवय असलेली पोरं. सरकारी पथकाला जे उभं करायला वेळ लागतो ते तुमच्याकडे तयार आहे, फक्त वर्षातून दहा दिवस वापरलं जातं. अध्यक्षाला एवढंच सांगा, की जनरेटर कुठं ठेवलाय आणि किल्ली कोणाकडे, हे वर्षभर चार जणांना माहीत असू द्या. मंडपाचे खांब गाडीचा रस्ता अडवणार नाहीत हेही त्याच्याच हातात आहे. एखादा टेम्पो रात्री गल्लीतून, लावलेल्या दुचाकींमधून, जातो का ते करून पाहा. टेम्पो अडला तर अग्निशमनची गाडी नक्की अडणार.

दुसरं काम यादीचं. कोणाला चालता येत नाही, कोण बहिरं आहे, कोण गरोदर, कोणाचं डायलिसिस चालू, कोणाकडे ऑक्सिजन. ही माहिती आशाताईंना आणि बचत गटातल्या बायकांना आधीच असते, त्यांच्यासोबत बसा. यादी कागदावर, दोन विश्वासू घरांत ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कोण आजारी आहे, कोण एकटं राहतं हे जगाला कळायची गरज नाही. प्रत्येक अशा माणसापुढं दोन शेजाऱ्यांची नावं लिहा, कारण एक जण त्या दिवशी नेमका बाहेर असतो.

आणि भाषा. तुमच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, पलीकडे कन्नड, उर्दू. तरुणांना मराठी येतं. पण पहाटे घाबरून उठलेल्या आजीला तिच्या भाषेतलंच कळतं. ‘बाहेर या, जिन्यानं नको, गच्चीवर या’ असली चार-पाच वाक्यं चारही भाषांत सांगू शकेल असा एकेक माणूस ठरवा. देवळाच्या आणि मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून कोण बोलणार हेही. धरण फुटल्याच्या अफवा पुरापेक्षा वेगानं पळतात, त्यामुळे ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्यानं आधी १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारायचं आणि मगच बोलायचं.

सुरुवात पाच घरांपासून करा. मोठी सभा नको. एका रविवारी तुमच्याच घरी दिवे बंद करून मुलांना अंथरुणातून गच्चीवर नेऊन दाखवा, शेजारच्या दोन कुटुंबांना बघायला बोलवा. मुलांना तो खेळ वाटतो, मोठ्यांना आपल्या गच्चीच्या दाराचं कुलूप आठवतं. मला हे बैठकीपेक्षा हमखास चालताना दिसलं आहे.

राहता राहिले तुमचे आईवडील. ‘घर सोडायला तयार नाहीत’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यांच्या मनात बहुधा ठरावीक काळज्या असतात: जनावरांचं काय, चोरी झाली तर, देवाला दिवा कोण लावणार, आणि मुलाच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आपली अडचण होईल. पाणी चढत असताना फोनवर या चारही गोष्टी सुटत नाहीत. दिवाळीत किंवा उन्हाळ्यात निवांत असताना बसून एकेक सोडवा. गाई कोणाच्या उंचावरच्या गोठ्यात जाणार ते त्या माणसाशी बोलून पक्कं करा. दागिने, कागद बँकेच्या लॉकरमध्ये नाहीतर तुमच्याकडे आणा. देव सोबत न्यायचे की कसं, हे आईनंच ठरवू दे, आणि पिशवीत काय भरायचं ते तिच्याच हातानं भरू दे. दोन दिवसांसाठी का होईना, सुनेनं स्वतः फोन करून बोलवलं तर फरक पडतो, हे तुमच्या पत्नीला माझ्याकडून सांगा. आणि पुलाच्या खुणेबद्दल वडिलांना तुम्ही सांगू नका. त्यांनाच विचारा, ‘किती पाणी दिसलं की आईला घेऊन निघाल?’ ते जी खूण सांगतील ती शेजारच्या दोन घरांनाही कळवून ठेवा, म्हणजे त्या दिवशी तुमचा फोन लागला नाही तरी त्यांना निघायची आठवण करून देणारं कोणीतरी गावात असेल.